जुरांदीरचा परवाना

एकतीस वर्षं गाडी चालवून जुरांदीरच्या परवान्यावर दंडाचा एकही पॉइंट चढलेला नव्हता. पेद्रा मान्सा या लहानशा गावात हे बहुतेकांना ठाऊक होतं, कारण जुरांदीर स्वतःच ते सांगायचा. एरवी माणूस अबोल. फुटबॉलवर त्याला मत नसे, निवडणुकीत तो कुणाच्या बाजूनं आहे हे बायकोलाही कळत नसे. पण गाडीचा विषय निघाला की खिशातून परवाना काढून दाखवायचा, जणू एकही पॉइंट नाही हे त्याच्यावर लिहिलेलंच असावं.

नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची पांढरी व्हॅन त्याच्याकडे होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी नऊला डायलिसिसचे सात रुग्ण घेऊन निघायचं, नव्वद किलोमीटरवर मोन्तेस क्लारोस शहरात पोचवायचं, चार तास थांबायचं आणि दिवेलागणीच्या आत सगळ्यांना परत आणायचं. अकरा वर्षं हेच. सातजण तेच राहत नसत. एखादी जागा रिकामी व्हायची, महिन्याभरात दुसरं कुणीतरी येऊन बसायचं. रिकाम्या जागेबद्दल व्हॅनमध्ये कुणी बोलत नसे.

सगळ्यात जुनी प्रवासी म्हणजे दोना ओलिंदिना. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी शिवणकाम करणारी बाई. गावातल्या निम्म्या बायकांचे लग्नाचे झगे तिनं शिवलेले. तिचं घर टेकडीवर, मातीच्या रस्त्याच्या शेवटी. नियमाप्रमाणे व्हॅन फक्त चौकात थांबायची, रुग्णांनी तिथे यायचं. पण तिला चार पावलं टाकली की धाप लागायची, म्हणून जुरांदीर व्हॅन थेट तिच्या दारात नेऊन उभी करायचा. तेवढाच एक नियम तो मोडायचा, आणि त्याला पॉइंट नव्हते.

"आली बघ नवरी," मागून बेलार्मिनो ओरडायचा. तो जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखलेला, आता एका मूत्रपिंडाचा आणि तेही निकामी. "चला, वऱ्हाड निघालं!"

"नवरदेव तुझ्यासारखा असेल तर मी इथेच उतरते," दोना ओलिंदिना म्हणायची.

त्या वर्षी मार्चमध्ये क्लेब्सनचा फोन आला. क्लेब्सन हा जुरांदीरचा एकुलता एक मुलगा. मोन्तेस क्लारोसला राहायचा, गुरांची औषधं विकणाऱ्या एका कंपनीसाठी गोठ्यागोठ्यांतून हिंडायचा. गाडी घेतली तेव्हा त्याची नोकरी कच्ची होती, म्हणून ती बापाच्या नावावर होती.

"बाबा, तुमच्या पत्त्यावर एक कागद येईल. कॅमेऱ्यानं पकडलं मला."

"किती जोरात होतास?"

"होतो थोडा. दंड मी भरतो, त्याचं सोडा. पण पॉइंट आहेत पाच."

"मग पाठवून देतो कागद. तुझं नाव घालून सही कर."

"बाबा, माझे आधीच पंधरा झालेत. वर्षात वीस झाले की परवाना जातो. आणि परवाना गेला की दुसऱ्या दिवशी कंपनी घरी बसवते."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका. पंधरा दिवसांत चालवणाऱ्याचं नाव कळवलं नाही तर पॉइंट मालकाच्या नावावर जातात. खोटं बोलायला नाही सांगत मी तुम्हाला. फक्त गप्प बसा. तुमचा परवाना तर कोरा आहे."

जुरांदीरनं तो कागद फ्रिजवर ठेवला. रोज येता-जाता तो दिसायचा. बायकोनं, इरासीनं, दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा स्वतःच उत्तर दिलं, "राहू दे की. पोराच्या पोटावर पाय द्यायचा का? तुझ्या परवान्यावर कुठे काही चढलंय?"

सोळाव्या दिवशी त्यानं कागद खणात टाकला. पुढच्या वेळी कुणी परवान्याचा विषय काढला तेव्हा त्यानं खिशात हात घातला नाही.

मे महिन्यात दुसरा कागद आला, पुन्हा पाच. जुलैमध्ये तिसरा, गाडी चालवताना फोन कानाला लावला म्हणून चार. तिसऱ्या वेळी क्लेब्सननं फोनही केला नाही, नुसता निरोप पाठवला. जुरांदीरला राग आला. तो म्हणाला, हे शेवटचं. आपले चौदा झाले. वीसला अजून सहा होते, आणि ते आपल्या हातून होणार नाहीत याची त्याला खात्री होती. खात्री खोटी नव्हती. जाणूनबुजून त्यानं कधीच काही केलं नसतं.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी परतीच्या वाटेवर व्हॅन शहराच्या वेशीवर पोचली होती. दोना ओलिंदिना शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. जुरांदीरला आपल्या मांडीवर काहीतरी कोमट लागलं. पाहिलं तर तिच्या दंडावरची, डायलिसिसची सुई टोचायची जागा उघडली होती. पट्टी, बाही, सीट, सगळं लाल.

"बेलार्मिनोकाका! पुढे वाका, अंगठ्यानं दाबून धरा! सोडू नका!"

त्यानं तिथेच व्हॅन वळवली. डायलिसिस केंद्र चार चौक मागे होतं. शेवटच्या चौकात दिवा लाल होता. जुरांदीरनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. तो पुढे गेला. वर कॅमेऱ्याचा प्रकाश चमकला, तो त्याला दिसलाही.

नर्सनं रक्त थांबवलं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर अवघड होतं, असं ती म्हणाली. तासाभरानं दोना ओलिंदिना पांढरीफटक पण हसत बाहेर आली. "माझ्यामुळं सगळ्यांच्या जेवणाला उशीर," म्हणाली.

लाल दिव्याचे सात पॉइंट. चौदा आणि सात, एकवीस.

नगरपालिकेला कागद आला आणि नियमाप्रमाणे पालिकेनं चालकाचं नाव कळवलं. बेलार्मिनोला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मला शाळेत कधी एकवीस गुण मिळाले नाहीत. तू नशीबवान आहेस." कुणी हसलं नाही, तोही नाही.

जुरांदीरनं अर्ज केला. नर्सची चिठ्ठी जोडली, व्हॅनमधल्या बाकीच्या सहाही जणांच्या सह्या घेतल्या. पाच महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. व्हॅन ही रुग्णवाहिका म्हणून नोंदलेली नाही, सबब अर्ज फेटाळला. परवाना चार महिन्यांसाठी निलंबित.

नगरपालिकेच्या वकीलबाईंनी कागद चाळले. "हा लाल दिवा सोडा हो. त्या आधीच्या तिन्ही वेळी गाडी तुम्ही चालवत होता?"

जुरांदीरनं नजर कागदांवरून खिडकीकडे वळवली.

"बुधवारी, दुपारी सव्वाएकला, शहराच्या पलीकडे? त्या वेळी तर तुम्ही डायलिसिसच्या दारात असता. हजेरीपुस्तकच सांगतं." वकीलबाईंनी चष्मा काढला. "जो चालवत होता त्यानं न्यायाधीशांसमोर तसं लिहून दिलं, तर अजूनही हे वळवता येईल. त्यानं यायला हवं मात्र."

रविवारी क्लेब्सन बायकोला घेऊन जेवायला आला. तिला सातवा महिना होता. इरासीनं पेकी या काटेरी बीच्या फळाचा भात आणि कोंबडी केली होती. जुरांदीरनं जेवण होऊ दिलं. मग मुलाला परसात नेलं आणि वकीलबाई काय म्हणाल्या ते सांगितलं.

क्लेब्सन पेकीची बी दातांनी हलकेच खरवडत होता. खरवडायचं थांबला. "बाबा, तुमचे चार महिने जातील. माझं सगळं जाईल."

"हं."

"तुमची नोकरी नगरपालिकेची आहे. चार महिने तुम्हाला दुसऱ्या कामावर बसवतील, पगार चालूच राहील. मला कोण ठेवेल? आता बाळ येणार... तुम्ही सांगा, मी काय करू? तुम्ही म्हणाल तसं करतो."

तो खरंच तसं म्हणाला होता. पुढे कितीतरी दिवस जुरांदीर हे वाक्य मनात घोळवत राहिला. तुम्ही म्हणाल तसं करतो. आणि आपण काय म्हणालो?

"राहू दे," तो म्हणाला होता. "चार महिने काय, बघता बघता जातील."

हिशेब चुकीचा वाटत नव्हता. एकाचं थोडं जाईल, दुसऱ्याचं सगळं वाचेल. व्हॅनमधल्या सात माणसांची आठवण त्या परसात दोघांपैकी एकालाही झाली नाही.

मार्चमध्ये त्यानं परवाना जमा केला. नगरपालिकेनं त्याला गॅरेजच्या खिडकीत बसवलं. चाव्या द्यायच्या, चाव्या घ्यायच्या, वहीत वेळ लिहायची. व्हॅनवर आईल्टन नावाचा तरुण आला. पोरगा वाईट नव्हता. वेळेवर येई, गाडी नीट चालवी. पण त्याची नेमणूक तात्पुरती होती आणि त्याच्या हातात छापील कागद होता. व्हॅन चौकात, नऊ वाजता.

"टेकडीवर जात जा रे," जुरांदीरनं त्याला सांगितलं. "पाच मिनिटांचं काम."

"काका, गाडी वर अडकली तर जबाबदार कोण? मला लिहून देता?"

काय लिहून देणार? जुरांदीरला तो अधिकार नव्हता.

मग त्यानं गॅरेजच्या साहेबांकडून सकाळची पाऊण तासाची सवलत मागून घेतली. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सव्वाआठला तो टेकडी चढायचा. दोना ओलिंदिना दारात तयार असायची, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. त्याच्या दंडाला धरून ती उतरायची. वाटेत तीन ठिकाणी थांबावं लागे: वळणावरच्या दगडावर, बेकरीच्या ओट्यावर आणि चर्चच्या पायरीवर.

"लोक काय म्हणतील," ती धापा टाकत म्हणायची, "म्हातारपणी ओलिंदिना हाताला हात घालून फिरते."

"म्हणू दे."

"इरासीला सांगितलंस का?"

"तिनंच पाठवलंय."

परवान्याचं तिला सगळं माहीत होतं असं नाही. लाल दिव्याचं माहीत होतं. त्याच एका गोष्टीनं परवाना गेला असं ती धरून चालली होती, आणि त्याचं तिला फार लागलं होतं. "माझ्या हातानं घात केला रे तुझा," एकदा चर्चच्या पायरीवर ती दंडाकडे बघत म्हणाली. तेव्हा जुरांदीरनं खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मुलाचं नाव काढावं लागलं असतं. "तसं काही नाही," एवढंच म्हणून तो उठला.

असे तीन महिने गेले. परवाना परत मिळवायचा तर तीस तासांचा वर्ग करायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची, असा नियम होता. वर्ग शहरात, सोमवार ते शुक्रवार. जुरांदीर क्लेब्सनकडे राहायला गेला. जाण्याआधी त्यानं बेकरीवाल्याच्या बायकोला सांगून ठेवलं, सकाळी तेवढं तिला खाली आणा.

"मी काय लहान आहे?" दोना ओलिंदिना म्हणाली. "पाच दिवसांचा प्रश्न. तू जा, पास हो. नापास झालास तर मला तोंड दाखवू नकोस."

वर्गात मालवाहू ट्रकवाले होते, टॅक्सीवाले होते, कॉलेजातली दोन पोरं होती. सगळे एकमेकांना किती पॉइंट आणि कशाचे ते सांगत होते. जुरांदीरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एकवीस," आणि कशाचे ते सांगितलं नाही. बुधवारी प्रथमोपचाराचा तास होता. रबरी बाहुलीच्या दंडावर रक्तस्राव कसा थांबवायचा ते बाईंनी दाखवलं आणि एकेकाला पुढे बोलावलं. जुरांदीरनं अचूक दाबून धरलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला येतंय की!"

शुक्रवारी तो तीस पैकी अठ्ठावीस मिळवून पास झाला. संध्याकाळी क्लेब्सननंच त्याला गाडीनं गावी आणलं. शनिवार-रविवार राहणार होता. चौकातून जाताना जुरांदीरच्या मनात आलं, टेकडीवर जाऊन निकाल सांगावा. पण डायलिसिसहून आल्यावर ती थकून झोपलेली असते. सकाळी जाऊ, असं म्हणून तो घरी गेला.

सकाळी कॉफी ओततानाच बेलार्मिनो दारात आला. गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, काठी टेकत, एकटा चालत आलेला.

"तू आलास का? मला वाटलं तू तिला घेऊन गेलास शहरात."

"कुणाला?"

"बुधवारी आली नाही ती. काल पण नाही. आईल्टनला म्हटलं थांब जरा, तो थांबला पाच मिनिटं, मग..."

बेकरीवाल्याच्या बायकोचं पोर मंगळवारपासून तापानं फणफणलं होतं. बुधवारी दोना ओलिंदिना एकटीच निघाली होती. बेकरीच्या ओट्यापर्यंत आली, तेव्हा व्हॅन चौकातून निघताना तिला दिसली. हे नंतर कळलं.

रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या गावाला गेली होती. क्लेब्सन तोंडही न धुता गाडीत बसला. टेकडीवर दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती, झोपता येत नव्हतं म्हणून. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, श्वासाला घरघर. जुरांदीरनं तिला उचललं. इतकं पाणी साठलेलं असूनही ती हलकी होती.

मागच्या सीटवर तिचं डोकं खांद्यावर घेऊन तो बसला. क्लेब्सननं गाडी सोडली. एकशेतीस, एकशेचाळीस. वाटेत कॅमेरे कुठे आहेत ते दोघांनाही पाठ होतं. एकाही ठिकाणी क्लेब्सननं वेग कमी केला नाही.

"पास झालो," जुरांदीर तिच्या कानाशी म्हणाला. "अठ्ठावीस मिळाले."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळानं म्हणाली, "खिडकी उघड रे." खिडकी उघडीच होती.

शहर वीस किलोमीटरवर आलं तेव्हा घरघर थांबली. जुरांदीरनं मुलाला लगेच सांगितलं नाही. आरशात त्याला क्लेब्सनचे डोळे दिसत होते, रस्त्यावर खिळलेले. लहानपणी सायकल शिकताना असेच असायचे. एक वळण गेलं, पूल गेला. मग तो म्हणाला, "क्लेब्सन, आता हळू घे."

क्लेब्सननं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाप मागे, मुलगा पुढे, तसेच बसून राहिले. बाजूनं ट्रक जात होते आणि प्रत्येक वेळी गाडी हलत होती.

तीन आठवड्यांनी कागद आले, दोन. जुरांदीरनं ते फ्रिजवर ठेवले नाहीत. रविवारी क्लेब्सन आला तेव्हा टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. इरासी काही बोलणार होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून स्वयंपाकघरात निघून गेली. क्लेब्सननं पेन मागितलं. दोन्ही कागदांवर आपलं नाव घातलं, सही केली आणि बाहेर जाऊन बसला.

एवढ्या वेगाला पॉइंट मोजत नाहीत; पुढे त्याचा परवाना थेट गेला आणि त्याच्यामागून नोकरी. आता तो सासऱ्याच्या पशुखाद्याच्या दुकानात बसतो. बापाला त्यानं कधी बोल लावला नाही. पण दर रविवारचं येणं महिन्यातून एकदा झालं, आणि आला तरी लेकीला तिच्या आजीच्या मांडीवर देऊन घड्याळाकडे बघत राहतो.

जुरांदीरला परवाना परत मिळाला. तो पुन्हा व्हॅनवर रुजू झाला. परवाना तो खिशात ठेवतो, पण कुणाला दाखवत नाही.

ऑगस्टमध्ये दोना ओलिंदिनाची भाची मार्लुसे ब्राझिलियाहून घर रिकामं करायला आली. शाळेत स्वयंपाक करणारी, पन्नाशीची, भरल्या अंगाची बाई. सामान हलवायला मदत करायला जुरांदीर शनिवारी गेला. पलंग, कपाट शेजाऱ्यांना देऊन झालं. दुपारी दोघं रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून कॉफी पीत होते, तेव्हा तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. मुलाचे तीन कागद. गप्प बसणं. वकीलबाई. परसात आपण काय म्हणालो ते. "तुमच्या मावशीला वाटायचं, तिच्यामुळं माझा परवाना गेला. तसं नव्हतं. लाल दिव्याचे नुसते सात होते. सातानं काही होत नसतं. बाकीचे चौदा मी घरात ठेवून घेतले होते. ते नसते तर मी व्हॅन दारात आणली असती, त्या बुधवारी पण."

मार्लुसे पेल्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गुरुवारी तिचा फोन आला होता मला," शेवटी ती म्हणाली. "व्हॅन चुकली म्हणाली. मी म्हटलं, त्या ड्रायव्हरला फोन कर ना, तुझ्या जुरांदीरला. तर म्हणाली, मुळीच नाही. उद्या त्याची परीक्षा आहे. त्याला कळलं तर पेपर टाकून धावत येईल तो."

जुरांदीरनं मान खाली घातली.

"मी काय म्हटलं माहितीये?" मार्लुसेनं पेला खाली ठेवला. "मी म्हटलं, बरं, मग उद्या नक्की जा. आणि फोन ठेवला. भात लागत होता खाली, शाळेचा. दोनशे पोरांचा भात."

बाहेर कुणीतरी कपाट ढकलत उतारावरून नेत होतं, त्याचा खडखड आवाज येत होता. तो आवाज बंद झाला. मग मार्लुसेनं डोळे पुसले, दोन्ही पेले उचलले आणि नळाखाली विसळायला घेतले. जुरांदीर उठला, कोपऱ्यातला केरसुणीनं गोळा केलेला कचरा कागदावर घेतला आणि टाकायला बाहेर गेला.